घोडा जी५ वर येतो तेव्हा: काळ्या मोहऱ्यांनी उत्तर कसं द्यायचं

नागपुरातल्या रविवारच्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळेच्या) स्पर्धांत, नऊ आणि अकरा वर्षांखालच्या गटांत, पहिल्या दहा मिनिटांत रिकामे होणारे बोर्ड बघा. बहुतेकांवर एकच गोष्ट घडलेली असते. पांढऱ्याचा उंट सी४ वर, घोडा जी५ वर, आणि काळ्याचं एफ७, म्हणजे राजाशेजारचं घर, फुटलेलं. २०२५ मध्ये दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीहून महिला विश्वचषक जिंकून आली, तेव्हापासून क्लासला नवी मुलं येत आहेत. यूट्यूबवर 'फ्राईड लिव्हर' (एफ७ वरच्या याच हल्ल्याचं नाव) बघितलेलं नाही असं पोट्टं त्यांच्यात शोधून सापडत नाही. हल्ला करायला सगळे शिकून येतात, थोपवायला कोणी शिकून येत नाही.

चाली पाठ असलेली मुलंही हरतात, कारण त्यांचा क्रम चुकतो. एफ७ वर दोन मोहरे रोखलेले दिसले की सगळे एफ७ राखायला धावतात. ते घर राखून वाचत नाही. उंटाची वाट बंद करायची आणि मग उंटालाच सी४ वरून हाकलायचं, तेव्हा ते वाचतं. खालचा प्रत्येक टप्पा याच कामाचा आहे.

आधी तयारी

खरा बोर्ड मांडा. मोबाईलवर बोटाने चाली सरकवून ही ओपनिंग डोक्यात बसत नाही. घरं मी ए ते एच आणि १ ते ८ अशी लिहितो, मारण्यासाठी × आणि शहासाठी +. काळ्याची बाजू स्वतःकडे ठेवून बसा. पांढऱ्याकडून पाहून शिकलेली चाल काळ्याकडून खेळताना हमखास उलटी पडते.

ही सुरुवात मांडा:

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५

आता हात मांडीवर ठेवून तीन प्रश्नांची उत्तरं तोंडाने द्या. एफ७ वर कोण कोण रोखलेलं आहे? उंट आणि घोडा. एफ७ कोण राखतं? एकटा राजा. उंट आणि एफ७ यांच्या मधली घरं कोणती? डी५ आणि ई६. तिसरं उत्तर ज्याला पटकन देता येतं, त्याला पुढची चाल सांगावी लागत नाही.

ज्यांना या भानगडीतच पडायचं नाही, त्यांनी तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळावं. मग जी५ वर काळ्याच्या वजिराची नजर राहते आणि ४. घोडा जी५ आला तर वजीर तो घोडा फुकट खातो. सात-आठ वर्षांच्या मुलाला मी पहिलं वर्ष हेच खेळायला सांगतो. तिसऱ्याच चालीला भीतीपोटी एच६ करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्याने लगेच हार होत नाही, पण एक चाल वाया जाते आणि पांढरा डी४ करून मधली जागा घेतो.

टप्पा १: चौथी चाल, डी५ आणि फक्त डी५

४. ... डी५

प्यादं डी५ वर आलं की उंटाची वाट बंद. शिवाय काळ्याच्या सी८ वरच्या उंटालाही श्वास मिळतो.

इथे होणाऱ्या चुका, जास्त दिसणारी आधी:

एच६. घोड्याला हाकलायचा विचार. पण घोडा मागे जात नाही, एफ७ वर उडी मारतो. तिथून वजीर आणि हत्ती दोन्हींवर फोर्क, म्हणजे एकाच वेळी हल्ला. राजा त्याला मारू शकत नाही, कारण मागून उंट राखतो आहे. डाव तिथेच संपल्यात जमा.

वजीर ई७. दिसायला शहाणपणाचं. पांढरा उंट×एफ७+ करतो, राजाला डी८ वर जावं लागतं. प्यादं गेलं, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड लपवायची चाल) गेलं, आणि वजीर स्वतःच्याच उंटाच्या वाटेत अडकला.

घोडा×ई४. याला थोडा हिशेब आहे, पण ५. उंट×एफ७+ राजा ई७ नंतर राजा मध्यावर उघडा पडतो.

उंट सी५. या उत्तराचं नाव ट्रॅक्सलर. एफ७ सोडून देऊन एफ२ वर उलटा हल्ला. ५. घोडा×एफ७ आलं तर उंट×एफ२+ ने खरोखर आग लागते, म्हणून मुलांना फार आवडते. पण समजूतदार पांढरा ५. उंट×एफ७+ राजा ई७ करून उंट शांतपणे मागे घेतो, आणि काळ्याकडे ना प्यादं उरतं ना कॅसलिंग. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, मजा म्हणून खेळा. रेटिंगच्या डावात 'काऊन खेळला बे?' असं विचारल्यावर उत्तर देता येणार नसेल, तर खेळू नका.

टप्पा २: पाचवी चाल, इथेच सगळे फसतात

५. ई×डी५

समोर पांढऱ्याचं प्यादं उभं आहे, एफ६ वरचा घोडा ते मारू शकतो, हात आपोआप पुढे जातो. थांबा. स्पर्धेत हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो, त्यामुळे इथे दोन्ही हात टेबलाखाली असलेले बरे.

५. ... घोडा×डी५ झालं की फ्राईड लिव्हर सुरू होतं. ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३+ आणि आता राजाला ई६ वर यावंच लागतं, नाहीतर डी५ वरचा घोडा जातो आणि पाठोपाठ राजाही. ८. घोडा सी३ ने त्याच डी५ वर तिसरा मोहरा लागतो. काळ्याकडे एक मोहरा जास्त असतो, पण राजा सहाव्या ओळीत भर चौकात. इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक) इथे बरंच काही धरून ठेवतं, माणूस घड्याळ चालू असताना धरत नाही. वर पांढऱ्याकडे ६. डी४ ही दुसरी चालही आहे, आणि ती तितकीच जाचक.

योग्य चाल:

५. ... घोडा ए५

बोर्डाच्या कडेला घोडा ठेवू नये असं पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं, म्हणून मुलांना ही चाल खोटी वाटते. ती का चालते ते बघा. डी५ वरचं पांढरं प्यादं सी६ च्या घोड्यावर रोखलेलं होतं, म्हणजे तो घोडा हलवायचाच होता. ए५ वरून तो थेट सी४ च्या उंटावर रोखतो. आणि आता एफ७ च्या वाटेत पांढऱ्याचं स्वतःचंच प्यादं उभं आहे! आपण काहीही न राखता हल्ला थांबलेला आहे.

तपासणी: घोडा ए५ वर ठेवल्यावर स्वतःला विचारा, 'आत्ता घोडा×एफ७ आला तर?' उत्तर: राजा×एफ७, आणि एक मोहरा वर. उंटाचा शह डी५ वरच्या प्याद्याने अडवला आहे. हे उत्तर येत नसेल तर पुढे जाऊ नका.

सावधान: काही जण ६. डी६ खेळून बघतात, म्हणजे प्यादं पुढे सरकवून उंटाची वाट पुन्हा उघडी. घाबरून डी६ मारायला जाऊ नका. आधी घोडा×सी४. उंटच नाही तर वाट उघडून काय होणार. ७. डी×सी७ ला वजीर×सी७, आणि तुम्ही एक मोहरा वर.

काही पांढरे खेळाडू पाचव्या चालीला प्याद्याऐवजी उंटाने डी५ मारतात. तिथे मात्र घोडा×डी५ बरोबर आहे. ६. ई×डी५ वजीर×जी५ ७. डी×सी६ वजीर×जी२, आणि रडायची पाळी पांढऱ्याची.

पाचव्या चालीला बी५ आणि घोडा डी४ हेही पर्याय आहेत आणि दोन्ही खेळले जातात. पण घोडा ए५ हाडात मुरल्याशिवाय तिकडे वळू नका.

टप्पा ३: शह आल्यावर सी६

६. उंट बी५+ सी६

उंट सी४ वरून हलला. हल्ल्याचा एक पाय मोडला. शहाला उत्तर सी६ किंवा उंट डी७. दोन्ही चालतात, मी सी६ शिकवतो, कारण त्याने पुढे बी ची उभी ओळ मोकळी मिळते आणि उंटाला पुन्हा पळावं लागतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे घोडा परत सी६ वर आणणं. डी५ चं प्यादं त्याला मारतं. 'शह अडवायचा' एवढंच डोक्यात असलं की आधीच्या चालीला तो घोडा तिथून का काढला होता हे मुलं विसरतात.

७. डी×सी६ बी×सी६

प्याद्यानेच मारा. घोड्याने मारलं तर तो ए५ वरून परत येतो खरा, पण बी५ च्या उंटाला धक्का बसत नाही आणि एक प्यादं कमी असल्याचा मोबदला मिळत नाही.

आता बोर्ड बघा. काळा एक प्यादं खाली आहे. घरी इंजिन लावाल तर ते थोडंसं पांढऱ्याकडे झुकलेलं दाखवेल, आणि पालक तिथेच फोन करतात: 'सर, हे तर मायनस दाखवतं.' दाखवू द्या. पांढऱ्याचा एकही मोहरा धड जागेवर नाही आणि पुढच्या तीन-चार चाली तो फक्त पळणार आहे. त्या चालींचं सोनं करणं हे काळ्याचं काम.

टप्पा ४: उंट कुठे गेला ते बघूनच आठवी चाल

इथपर्यंत पाठांतर चालतं, इथून चालत नाही. उंट कोणत्या घरावर गेला त्यावर तुमची चाल ठरते. 'आता एच६' असं यंत्रासारखं खेळणारे इथे मार खातात.

*उंट ई२ वर गेला.* हे सगळ्यात जास्त येतं.

८. ... एच६ ९. घोडा एफ३ ई४

आता एच६ बरोबर आहे. चौथ्या चालीला हीच चाल आत्मघात होती. सी४ वर उंट नाही, त्यामुळे घोडा×एफ७ ला राजा×एफ७ आणि काही बिघडत नाही. घोडा एफ३ वर परतला की ई४ ने त्याला पुन्हा उठवायचं. तो डी४ वर जाऊ शकत नाही, कारण डी ची ओळ मोकळी झाली आहे आणि वजीर तिथे बघतो आहे. एच४ वर गेला तर जी५ ने अडकतो. उरतं ई५ किंवा थेट घरी जी१.

१०. घोडा ई५ उंट डी६

उंट विकसित झाला आणि घोड्यावर हल्लाही झाला. पांढरा बहुतेक ११. डी४ करून घोडा राखतो. तेव्हा ११. ... ई×डी३, म्हणजे एन पासां (शेजारी दोन घरं पुढे आलेलं प्यादं एकच घर आल्यासारखं मारणं). हा नियम ऐन वेळी विसरणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात, आणि पुढच्या चालीला आठवला तर उपयोग नाही, हक्क त्याच चालीपुरता असतो. १२. घोडा×डी३ वजीर सी७. वजीर आणि उंट एका तिरक्या रेषेत एच२ वर रोखले गेले. मग कॅसल करा.

पांढऱ्याने ११. एफ४ केलं तरी उत्तर तसंच: ई×एफ३ एन पासां, मग कॅसलिंग.

नवव्या चालीला घोडा एफ३ ऐवजी एच३ वर गेला तर गोंधळू नका. उंट सी५ खेळा, कॅसल करा. त्या घोड्याला सी८ च्या उंटाने मारायचा मोह होतो. वाईट नाही, पण घाई नको. तो घोडा तिथे बसून पांढऱ्यालाच अडचण करतो.

*उंट डी३ वर गेला.* ही चाल आता बरीच दिसते आणि इथेच पाठांतरवाले पडतात. डी३ चा उंट ई४ वर नजर ठेवतो, म्हणजे तुमचं ई४ होणार नाही. सवयीने एच६ केलं तर घोडा आरामात ई४ वर येतो आणि पांढऱ्याची सगळी अडचण तुम्हीच सोडवता.

खेळा ८. ... घोडा डी५. घोडा एफ६ वरून हलताच वजिराची वाट उघडते आणि जी५ वरच्या घोड्यावर हल्ला होतो. ९. घोडा एफ३ उंट डी६ १०. कॅसल घोडा एफ४. आता डी३ च्या उंटाला शांती नाही. ९. घोडा ई४ केलं तर एफ५, आणि घोडा जी३ वर पळाला की पुन्हा घोडा एफ४.

*वजीर एफ३ वर आला.* उंट बी५ वरच सोडून पांढरा सी६ चं प्यादं आणि त्यामागचा ए८ चा हत्ती यांच्यावर डोळा ठेवतो. सी×बी५ केलं तर वजीर×ए८. हत्तीच्या बदल्यात खेळ मिळतो असं पुस्तकं सांगतात, पण तो अभ्यास केल्याशिवाय करू नका. ८. ... हत्ती बी८ सोपं आणि ठोस आहे: हत्ती तिरक्या रेषेतून निघाला आणि बी५ च्या उंटावर रोखला. पांढरा ९. उंट×सी६+ घोडा×सी६ १०. वजीर×सी६+ असा प्यादी खात सुटला तर १०. ... घोडा डी७. शह अडला आणि त्याच चालीत वजिराची नजर जी५ च्या घोड्यावर गेली. पांढऱ्याला डी३ करून तो राखावा लागतो, मग उंट ई७ आणि कॅसलिंग. दोन प्यादी खाली आहात हे खरं, पण पांढऱ्याचा वजीर एकटाच तुमच्या घरात भटकतो आहे.

उंट ए४ वर गेला तर ई२ सारखंच: एच६, मग ई४.

पांढऱ्याने सहाव्या चालीला शहच दिला नाही, नुसतं ६. डी३ केलं, तर एच६ ७. घोडा एफ३ ई४. ८. वजीर ई२ ला घोडा×सी४ ९. डी×सी४ उंट सी५. उंट मिळाला, मधली जागा मिळाली.

टप्पा ५: कॅसलिंगनंतर

सातव्या-आठव्या चालीपर्यंत सगळं बरोबर करून पुढे शांत बसणारे बरेच असतात. एक प्यादं कमी असताना शांत बसणं म्हणजे हळूहळू हरणं.

राजाला लपवा, ई आणि डी या उघड्या ओळींवर हत्ती आणा, सी८ चा उंट एफ५ किंवा जी४ कडे काढा. ए५ चा घोडा विसरू नका. सी५ करून त्याला सी६ वर परत आणता येतं. तो कडेला पडून राहिला तर तुम्ही खऱ्या अर्थाने एक मोहरा कमी घेऊन खेळता.

मोहऱ्यांची अदलाबदल टाळा, वजिरांची तर नक्कीच. बोर्ड रिकामा होत गेला की ते एक प्यादं मोठं होत जातं. समोरचा 'वजीर घेऊ, वजीर देऊ' म्हणून मागे लागला, तर त्याला कशाची भीती आहे हे समजून घ्या.

सराव कसा करायचा

पहिल्या आठवड्यात फक्त टप्पा १ ते ३. घरातल्या कोणालाही पांढरी मोहरी द्या, आई-बाबांना खेळ येत नसला तरी चालेल, त्यांनी चाली कागदावरून वाचायच्या. तुम्ही प्रत्येक चालीआधी कारण बोलायचं. कारण बोलता आलं नाही तर चाल बरोबर असली तरी परत पहिल्यापासून.

मग टप्पा ४, आणि समोरच्याने उंट कुठे ठेवायचा ते न सांगता निवडायचं. ई२, डी३, वजीर एफ३, उलटसुलट. हीच खरी परीक्षा. रोज त्याच एका क्रमाने घेतला, तर मुलं उत्तर शिकत नाहीत, क्रम शिकतात.

ऑनलाईन सरावाला लिचेस ही वेबसाईट पुरेशी आहे. तिथे स्टडी बनवून चाली जतन करता येतात. एक मिनिटाच्या बुलेटमध्ये याचा सराव नको. तिथे समोरचाही चुकतो आणि तुमची चुकीची चाल खपून जाते. दहा मिनिटांचे डाव खेळा.

स्पर्धेत ४. घोडा जी५ आल्यावर लगेच ताडताड उत्तरं देऊ नका. पाठ असलं तरी पाचव्या आणि आठव्या चालीला घड्याळ थोडं चालू द्या. बाकी चालींना वेळ वाचवा.

घोडा जी५ ऐवजी ४. डी४ आलं तर

तोच हल्लेखोर, दुसरं दार. प्यादं घ्या: ४. ... ई×डी४.

५. ई५ ने घोड्यावर हल्ला आला तर घोडा पळवू नका. ५. ... डी५ खेळून उंटावर उलटा हल्ला करा. ६. उंट बी५ घोडा ई४, आणि काळा ठीक आहे. घोडा आधी पळवला की पांढऱ्याचं मधलं प्यादं तुमच्या छातीवर बसतं.

५. कॅसल केलं तर घोडा×ई४ ६. हत्ती ई१ डी५. इथे ७. उंट×डी५ वजीर×डी५ ८. घोडा सी३ बघून मुलं दचकतात, कारण वजिरावर हल्ला आहे आणि सी३ चा घोडा प्याद्याने मारता येईल असं वाटतं. मारू नका. प्यादं हललं की डी ची ओळ उघडते आणि पांढऱ्याचा वजीर तुमचा वजीर घेतो. ८. ... वजीर ए५ ९. घोडा×ई४ उंट ई६, आणि पुढे वजिराच्या बाजूला कॅसलिंग.

आणि ५. घोडा जी५ आलं तर पुन्हा डी५. ६. ई×डी५ नंतर या वेळी घोडा ए५ नको. ई ची ओळ मोकळी झाली आहे, म्हणून वजीर ई७+. राजा एफ१ वर सरकला की पांढऱ्याचं कॅसलिंग गेलं, आणि सी६ चा घोडा ई५ वर येऊन पुन्हा त्याच उंटावर रोखतो.